पापड मोडला, असं मी लिहिलं

सर,

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो तुमच्याबद्दल नव्हता. सकाळची वेळ होती, मी तुळजापूरच्या माझ्या खोलीत डबा करत होते. तुमचा पुतण्या म्हणाला, "ताई, सर गेले." आणि मी विचारलं, "आग लागली का?"

तो म्हणाला, "आग? कसली आग ताई? झोपंतच गेले. डाक्टर म्हनले, हार्ट." मी "बरं" म्हणाले. माणूस गेल्याच्या बातमीवर मी बरं म्हणाले, सर. आणि नुसतं म्हणाले नाही, मला खरोखर हायसं वाटलं. तव्यावरची पोळी करपून धूर व्हायला लागला तेव्हा कुठं कळलं की तुम्ही नाही आहात. मग तिथंच ओट्यापाशी खाली बसले आणि रडले.

तो प्रश्न माझ्या तोंडून का निघाला, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. आज तुम्हाला जाऊन सातवा दिवस. जे तोंडावर बोलायची छाती झाली नाही ते आता लिहायला बसलेय, म्हणजे हेही पळपुटेपणाचंच. पण लिहिते.

तुम्ही रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती आणि तरी रोज कॉलेजात यायचात. मी तासिका तत्त्वावरची बाई, आज आहे उद्या नाही. प्रयोगशाळेमागच्या पत्र्याच्या खोलीत तुमचं काय चाललंय ते कुणी विचारत नव्हतं. मी विचारलं, हीच माझी चूक म्हणा की नशीब म्हणा. तुम्ही माझ्या तळहातावर चिमूटभर काळी पूड ठेवलीत आणि म्हणालात, "वळख बरं." मी म्हणाले, कोळसा. तुम्ही इतके खूश झालात, जणू मी मुद्दाम चुकले.

अर्धी पूड होती लोहाच्या फॉस्फेटची. लिथियम पोटात धरून बसणारं, स्वस्त, शांत डोक्याचं खनिज, पण वीज इकडून तिकडे न्यायला महाआळशी. अर्धी होती बाभळीच्या शेंगांतून काढलेल्या सेंद्रिय द्रव्याची. ते विजेला चपळ, पण नुसतं घातलं तर बॅटरीतल्या द्रवात विरघळून जायचं आणि आठ दिवसांत बॅटरी खलास. दोघांना एकमेकांत गुंतवायचं, म्हणजे खनिज त्याला धरून ठेवील आणि ते खनिजाला पळवील, हा तुमचा ध्यास. महागडं कोबाल्ट नको, निकेल नको. अणदूरच्या तुमच्या वस्तीवरच्या लोकांना तुम्ही हे एका वाक्यात सांगायचात. "नुसत्या मातीची भित तडकती, नुसतं भुसकाट वाऱ्यानं उडून जातं. दोन्ही कालवलं की घर उभं ऱ्हातंय. आमी तेच करायलोय, जरा बारीक."

लोक माना डोलवायचे. मलाही रसायनशास्त्राच्या पदवीपेक्षा त्या भिंतीनंच जास्त समजलं.

किती हसलो आपण त्या खोलीत! बाभळीच्या शेंगा उकळताना पटांगणभर कडवट वास सुटायचा आणि शिपाईमामा नाकाला रुमाल लावून फिरायचे. पूड वाटायला तुम्ही घरून काकूंच्या मिक्सरचं चटणीचं भांडं पळवलंत ते परत गेलंच नाही. काकू तेव्हापासून पाट्यावर चटणी वाटतात आणि वाटताना तुमच्या नावानं दोन शब्द हाणतात. हाणायच्या. अजून मला भूतकाळात लिहायची सवय झालेली नाही.

सगळ्यात नाजूक काम सेल बांधायचं. बॅटरीतला तो द्रव हवेतल्या ओलाव्याला लागला की आत आम्ल तयार होतं, वायू होतो, सपाट पाकिटासारखा सेल फुगतो, आणि फुगलेला सेल पेटूही शकतो. मोठ्या प्रयोगशाळांत त्यासाठी काचेची बंद पेटी असते, आत हात घालायला रबरी हातमोजे असतात, पाण्याचा अंशही नसतो. आपली पेटी तुम्ही अ‍ॅक्रिलिकचे पत्रे चिकटवून केलेली. तिच्यात सोलापूरच्या वेल्डिंगवाल्याकडचा आर्गॉन वायू सोडायचा. पेटी गळकी होती हे तुम्हाला मान्य होतं. "पेटी गळती तर गळू दे," तुम्ही म्हणायचात, "आपली हवा कोरडी हाय ना! एवढी कोरडी हवा मोठ्या शहरात पैसे देऊन करावी लागती. आपल्याला देवीनं फुकट दिलीय." म्हणून सेल फक्त उन्हाळ्यात बांधायचे, भर दुपारी.

आणि तो पापड. ओलावा मोजायचं आपलं यंत्र रोज वेगळा आकडा दाखवायचं, तेव्हा तुम्ही काकूंच्या डब्यातला उडदाचा पापड आणून पेटीशेजारी तासभर उघडा ठेवायचा नियम काढलात. पापड कडकन मोडला तर काम. नुसता वाकला तर सुट्टी. वहीत तारीख, त्यापुढे "मोडला" किंवा "वाकला", आणि खाली सही. पाहुणे प्राध्यापक यायचे त्यांना हे सांगताना मला लाज वाटायची, तुम्हाला कधी वाटली नाही.

सर, मे महिन्यात तुम्ही पुतण्याच्या लग्नाला गेला होतात. आदल्या संध्याकाळी वळीव पडून गेला होता. पूड भाजून तयार, द्रवाची बाटली फोडलेली. फोडलेली बाटली चार दिवस टिकली नसती आणि दुसरी मिळायला दोन महिने गेले असते. मी पापड ठेवला. तासाभरानं हातात घेतला, वाकला. पुन्हा दुसरा ठेवला, तोही वाकला. मग मी काय केलं माहितेय? तो पापड मी हॉटप्लेटवर धरला. शेकला. आणि मग मोडला.

मोडणारच तो.

वहीत "मोडला" लिहिलं, खाली सही केली. सेल बांधले. त्यांच्यावर वेगळी खूणसुद्धा केली नाही, कारण खूण केली असती तर तुम्ही विचारलं असतं. आधीच्या कोरड्या दिवसांच्या सेलमध्ये ते मिसळून टाकले. खोटं बोलायचं तर निदान धड बोलावं. मी असं बोलले की पुढं मलाच खरं शोधता येईना.

पुढं तुम्ही त्या सेलचे नऊ दिवे केलेत. आपलं भांडण झालं ते त्यावरच. आठ दिवे वस्तीवर वाटायचे आणि एक घरी ठेवायचा, असं तुम्ही ठरवलंत. मी म्हणाले, सर, अजून काही महिने इथंच भरून-सोडून बघू, घराघरांत कशाला? तुम्ही म्हणालात, "टेबलावर टिकली ती ब्याटरी न्हवं. बाईच्या चुलीपाशी, पोरांच्या दप्तरापाशी टिकली तर खरी." मी नियम सांगितले, धोके सांगितले, आवाज चढवला. माझं सगळं बोलणं बरोबर होतं आणि त्यात खरं कारण तेवढं नव्हतं. तुम्ही शेवटी थट्टेत म्हणालात, "अर्चना, तू लई भित्री हायेस बघ." मी रागानं निघून आले. तो राग नव्हता. त्या क्षणी सांगितलं असतं तर तुम्ही ओरडला असतात, चार दिवस बोलला नसतात, आणि दिवे तिथंच राहिले असते. एवढंच झालं असतं. मी कशाला घाबरले होते, सर?

दिवाळी झाली, काही झालं नाही. मी स्वतःला समजावलं की आता काही होत नाही. पण तुळजापुरात आगीच्या बंबाचा आवाज आला की तो कुठल्या रस्त्यानं जातोय ते बघायला मी खिडकीशी धावायचे. तुम्ही जायच्या आदल्या संध्याकाळी मी हिय्या करून फोन लावला होता, आठवतं? तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. नव्या मिश्रणाचा आलेख कसा सपाट आलाय, तेच ऐकवत राहिलात. मी म्हणाले, "उद्या येते, मग बोलू." "ये की," तुम्ही म्हणालात. आले मी दुसऱ्या दिवशी. मातीला.

त्या दिवशी मी अंगणातूनच परतले. तिसऱ्या दिवशी, सावडून माणसं परत आल्यावर, काकूंना भेटायला आत गेले. जिथं तुम्ही शेवटी निजला होतात तिथं पीठ पसरलेलं होतं आणि त्यावर दिवा होता. तेलाचा नाही, तुमचा. चुलत जाऊबाई कुरकुरत होत्या, असं कुठं असतंय का म्हणून. काकूंनी त्यांना एकाच वाक्यात गप्प केलं होतं. "जल्मभर ह्या दिव्यापायी घालवला, आता ह्येच्याच उजेडात जाऊ द्या." दहा दिवस विझू द्यायचा नाही, म्हणून तो तीन दिवस चार्जरवरून काढलेलाच नव्हता.

दिव्याच्या प्लास्टिकच्या डब्याचं झाकण एका बाजूनं उचललं गेलं होतं. उदबत्तीच्या वासात एक गोडसर वास होता, नखं रंगवायच्या पॉलिशसारखा. बाकी कुणाला तो कळला नसता. मला कळला, तो सेलमधल्या द्रवाचा होता. दिव्यापासून दोन हातांवर पांघरुणांची चळत होती, तिला टेकून काकू बसल्या होत्या.

मी काय केलं, सर? नमस्कार केला आणि निघून आले. खोटं कशाला सांगू. बसमध्ये कंडक्टरनं दोनदा विचारलं तेव्हा कुठं तिकिटाचे पैसे काढले. विझवा म्हटलं तर का ते सांगावं लागणार होतं. दहा दिवसांच्या आत दिवा विझला तर गेलेल्या माणसाला पुढची वाट दिसत नाही असं त्या घरात मानतात, ते मला माहीत होतं. चौथा दिवस मी आजारी असल्याचं कळवून खोलीत काढला. फोन वाजला की घाबरायचे, वाजला नाही की त्याहून जास्त. एका बाईचा जीव धोक्यात आहे हे माहीत असून मी पूर्ण एक दिवस काढला. हे तुम्ही ऐकायला हवं.

पाचव्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं अणदूरला उतरले आणि वस्तीपर्यंत जवळजवळ पळत गेले. दिवा चालू होता. झाकण आणखी वर आलं होतं. मी काकूंपुढे बसले आणि म्हणाले, "काकू, हा दिवा बंद करायला पाहिजे."

"काय बोलतीस, अर्चना?"

मी सगळं सांगितलं. वळीव, पापड, हॉटप्लेट, वही. मध्ये थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं. काकू ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारलं, "त्यास्नी ठावं होतं?"

"नाही."

"मंग त्ये न कळताच गेले." इतकंच म्हणाल्या. हे बरं झालं म्हणाल्या की वाईट, ते मला अजून कळलेलं नाही. मग त्या उठल्या, देवघरातली पितळी पणती आणली, तेल घातलं, वात लावली, आणि ती पेटल्यावरच म्हणाल्या, "आता काढ तुझा."

चार्जर काढून तो दिवा उचलला तेव्हा तळ कोमट होता. घर ते परसातलं वाळूचं घमेलं, वीस पावलं असतील. तेवढी वाट मी जन्मात विसरणार नाही. काही झालं नाही. दिवा वाळूत ठेवून मी मागं वळले तर काकू दारात उभ्या.

"बाकीचे?" त्यांनी विचारलं.

"आठ आहेत. कुठला चांगला, कुठला वाईट, मला सांगता येत नाही."

"मंग बसलीस काय? चल."

जाऊबाई आडव्या आल्या. सुतकातली बाई दहाव्याच्या आत कुणाच्या दारी जात नाही, लोक काय म्हणतील. काकू म्हणाल्या, "दारात उभी ऱ्हाते. आत जात न्हाय." आणि डोक्यावर पदर घेऊन चालायला लागल्या. मी मागून वाळूचं दुसरं घमेलं घेऊन.

सर, तुम्ही हे बघायला हवं होतं. प्रत्येक अंगणाच्या कडेला त्या थांबायच्या, उंबऱ्यापासून लांब, आणि नुसतं म्हणायच्या, "सरांचा दिवा बिघडलाय. आणून द्या, लांब धरा." पाच दिवसांची विधवा दारात आलेली बघून माणसं आधी दचकायची, मग काही न विचारता दिवा आणून द्यायची. एका म्हातारीनं तर काकूंच्या पायावर डोकं ठेवलं. मी प्रत्येक घरी सांगायला तोंड उघडायचे की चूक सरांची नाही, माझी आहे, आणि काकू पुढं चालू लागायच्या. सात दिवे मिळाले. त्यांतले दोन फुगलेले होते, एक पोरांच्या अभ्यासाच्या पाटाखाली होता.

आठव्या घराला कुलूप होतं.

शेजारीण म्हणाली, "कमल व्हय? ती न्हाय हितं. दसऱ्यानंतर नवऱ्यासंगं ऊस तोडाय गेली, कर्नाटकात. दिवा नेला की संगं. कोपीत उजेड नसतोय म्हनून, लेकरू लहान हाय."

कोपी म्हणजे उसाच्या वाळल्या पाचटाची झोपडी, सर. भिंती पाचटाच्या, छप्पर पाचटाचं, अंथरूण पाचटावर. घमेलं हातात घेऊन मी त्या कुलपासमोर उभी होते. काकूंनी माझा दंड धरला. कमलचा फोन बंद. मुकादमाचा लागला, त्यानं तळाचं गाव सांगितलं, कमलला सांगतो म्हणाला आणि ठेवून दिला. सांगितलं की नाही देव जाणे.

काल सहाव्या दिवशी मी गेले. उमरग्यापर्यंत एसटी, पुढं जीप. जीपवाला वाटभर कानडीतून फोनवर बोलत होता आणि लांब कुठं धूर दिसला की मी त्याला विचारायचे, ते काय आहे. शेवटी तो हसायला लागला. "ऊस जाळतेत, मॅडम. रोजच असतंय." मी डब्यात वाळू भरून घेतली होती, ती मांडीवर धरून बसले होते. या अख्ख्या रस्त्यावर मला तुमची आठवण अशी आली नाही. फक्त भीती होती. तुमच्यासाठी रडायलाही मला तिनं जागा ठेवली नाही, आणि त्याची क्षमा मागायची तरी कुणाकडं?

तळावर पोचले तेव्हा दुपार झाली होती. बायका भाकरी थापायला कोप्यांकडे परतल्या होत्या. कमलनं मला ओळखलं, "अगं बया, म्याडम!" म्हणून हसली. मुकादमानं काहीच सांगितलं नव्हतं. मी तिला ओलांडून आत वाकले. वर आडव्या बांबूला झोळी बांधली होती, झोळीत लेकरू झोपलेलं, आणि झोळीच्या दोरीलाच तुमचा दिवा टांगलेला. डबा दोन्ही बाजूंनी फुटायच्या बेतात फुगला होता.

मी तो सोडवला. बोटांना गाठ सुटेना, शेवटी दातांनी सोडवली. बाहेर नेला, मोकळ्या रानात, उसापासून आणि माणसांपासून लांब, वाळूत ठेवला. परत आले तेव्हा कमल तव्यावरची भाकरी तशीच सोडून उभी होती.

"काय झालं?" ती म्हणाली. "चांगला चालायलाय की. रोज ट्रॅक्टरच्या ब्याटरीवर भरून आणतेत हे. लेकरू त्याच्याकडं बघून गप ऱ्हातंय."

तुमचंच म्हणणं खरं ठरलं होतं, सर. बाईच्या चुलीपाशी, लेकराच्या झोळीपाशी. उजेड खरंच हवा होता. तुमच्या त्या मिश्रणात खोट नव्हती. जे सेल फुगले नाहीत ते कोरड्या दिवशीचेच असणार, आणि ते अजून सपाट आहेत, मी डोळ्यांनी पाहिलंय. ते काम मी सोडणार नाही, हे मला तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही मला ते दिलंत, दुसऱ्या कुणाला दिलं नाहीत, याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे. पण ते हातात घेताना आता मला भीती वाटते, आणि ती जावी असंही वाटत नाही.

तिथं काकू नव्हत्या पुढं चालू लागायला. मी कमलला सगळं सांगितलं. सर चुकले नाहीत, मी चुकले, मुद्दाम चुकले आणि लपवलं, असं तिला कळेल अशा शब्दांत सांगितलं. हे पेटलं असतं, तेही सांगितलं.

तिनं झोळीतून लेकराला उचललं, छातीशी धरलं, आणि कोपीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन माझ्याकडं पाठ करून बसली. दिवा तर मी केव्हाच बाहेर नेला होता, सर. ती लांब गेली ती माझ्यापासून.